टेंडरच्या अकराव्या पानावरचं इस्रायल

घाटावरचा_टेक्सन (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, जरा विचित्र विषय आहे, पण इथे वकीलही आहेत आणि धंदेवालेही, म्हणून इथेच टाकतो.

मी आणि बायको मिळून टेक्सासात एक चिमुकला धंदा चालवतो. आसपासच्या शाळांच्या संगणकांची आणि वायफायची देखभाल. पगारी माणूस कोणी नाही, उन्हाळ्यात कॉलेजची दोन पोरं हाताशी येतात तेवढीच. गेल्या महिन्यात एका शाळा-जिल्ह्याचं काम मिळालं, साधारण १८ हजार डॉलरचं. कागद आले चौदा पानं. विमा, पोलीस तपासणी, कराचा नंबर, शाळेच्या बोर्डावर कोणी नातेवाईक नाही ना, अशी नेहमीची पानं. मी सवयीने सह्या मारत चाललो होतो. अकराव्या पानावर बायकोने हात धरला.

तिथे लिहिलंय: आमची कंपनी इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही आणि कंत्राटाच्या मुदतीत टाकणार नाही. त्याखाली: आमची कंपनी ऊर्जा कंपन्यांवर (म्हणजे तेल, गॅस, कोळसावाल्यांवर) बहिष्कार टाकत नाही. त्याखाली: बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्यांशी भेदभाव करत नाही.

बायको म्हणाली, "राउटर बसवायला यांना आपण काय विकत घेत नाही ते कशाला हवंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुन्या फायली काढल्या तर २०१८ च्या कागदांवर याच वाक्याखाली माझी सही! वाचलंच नव्हतं तेव्हा.

मग दोन रात्री घालवून वाचलं. मूळ कायदा २०१७ चा, हाउस बिल ८९, गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी मे महिन्यात सही केलेला. सरकारी कंत्राट हवं असेल तर लेखी द्यायचं की इस्रायलवर बहिष्कार नाही. बहिष्काराची व्याख्या वाचण्यासारखी आहे. व्यवहार नाकारणं, तोडणं, किंवा इस्रायलचं अथवा तिथे धंदा करणाऱ्यांचं आर्थिक नुकसान व्हावं या हेतूने काहीही करणं. 'तिथे' मध्ये इस्रायलच्या ताब्यातला प्रदेशही धरलाय, म्हणजे वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतीही आल्या. आणि शेवटी सूट: नेहमीच्या व्यापारी कारणासाठी केलं असेल तर तो बहिष्कार नव्हे.

म्हणजे बघा. एखादं छपाईयंत्र महाग आहे म्हणून मी घेतलं नाही, तर कायद्याचं काही म्हणणं नाही. तेच यंत्र मनाला पटत नाही म्हणून घेतलं नाही, तर कंत्राट गेलं. यंत्र दोन्ही वेळा दुकानातच राहिलं. दंड न घेण्याला नाहीच, न घेण्यामागच्या कारणाला आहे. हे मला पचत नाहीये.

गंमत पुढे आहे. ऑस्टिनजवळच्या फ्लुगरव्हिल शाळा-जिल्ह्यात एक वाचा-उपचारतज्ज्ञ बाई नऊ वर्षं लहान मुलांसोबत काम करत होत्या, अरबी बोलणाऱ्या मुलांसोबतही. २०१८ मध्ये करार नव्याने करताना हेच वाक्य आलं, त्यांनी सही नाकारली, काम गेलं. त्या कोर्टात गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये फेडरल न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी कायद्याच्या अंमलबजावणीला मनाई केली. दोनच आठवड्यांत विधिमंडळाने कायदाच बदलून टाकला: आता तो एक लाख डॉलर किंवा जास्तीच्या कंत्राटांना आणि दहा किंवा जास्त पूर्णवेळ नोकर असलेल्या कंपन्यांनाच लागू.

म्हणजे मला लागूच नाही! तरी अकरावं पान आहेच. कचेरीत फोन केला तर बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, सगळेच करतात सही, तुम्हीही करून टाका.

आधीच सांगतो, मी कशावरही बहिष्कार टाकलेला नाही. टाकायचा विचारही नाही. प्रश्न दोन: सही करू का? आणि या प्रकाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?

तिरकस (सोमवार, रात्री ९:५८)

सही करा आणि राउटर बसवा. बंदूक नंतर घ्या.

प्राची_एडिसन (सोमवार, रात्री १०:२०)

हे फक्त टेक्सासचं आहे असं समजत होते! इथे न्यू जर्सीत पेन्शन फंडाबद्दल काहीतरी ऐकलं होतं. एकूण किती राज्यांत आहे हे?

कायदेकानू (सोमवार, रात्री ११:३५)

प्राची, कायदे, गव्हर्नरचे आदेश आणि नुसते ठराव सगळे धरले तर तीसहून अधिक राज्यं. सुरुवात २०१५ मध्ये इलिनॉय आणि साउथ कॅरोलायनाने केली. न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळात जमेना म्हणून गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी जून २०१६ मध्ये थेट आदेश काढला, आणि वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की तुम्ही इस्रायलवर बहिष्कार टाकाल तर न्यूयॉर्क तुमच्यावर टाकेल. कुओमो डेमोक्रॅट, अ‍ॅबट रिपब्लिकन. हा एका पक्षाचा खेळ नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर दहाव्या प्रतिसादाला धाग्याचं ट्रम्पपुराण होईल.

यात दोन जाती आहेत. एक, पेन्शन फंडवाले: राज्याने काळी यादी करायची आणि यादीतल्या कंपन्यांचे शेअर विकायचे. दुसरी, कंत्राटवाले: लिहून द्या, नाहीतर काम नाही. कोर्टात जास्त गाजली ती दुसरी, कारण तिच्यात चालतीबोलती माणसं सापडतात.

कॅन्ससमध्ये गणिताच्या एक शिक्षिका. मेनोनाइट पंथाच्या, त्यांच्या चर्चने वसाहतींशी संबंधित मालाबद्दल ठराव केलेला. राज्यातल्या इतर शिक्षकांना शिकवायचं दिवसाला ६०० डॉलरचं काम, सही नाकारली म्हणून गेलं. जानेवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी मनाई दिली. विधिमंडळाने लगेच कायदा सुधारला: एक लाख डॉलरच्या वरच, आणि एकट्यादुकट्या माणसाला नाही.

अ‍ॅरिझोनात तुरुंगातल्या कैद्यांना कायद्याचा सल्ला देणारा एक वकील. इस्रायलच्या निषेधार्थ तो आपल्या ऑफिससाठी एका कंपनीचे प्रिंटर घेत नसे. सप्टेंबर २०१८ मध्ये मनाई. पुढच्या वर्षी सुधारणा: एक लाख डॉलर, दहा नोकर. वरच्या कोर्टाने म्हटलं, आता याचा प्रश्नच उरला नाही.

जॉर्जियात विद्यापीठाच्या परिषदेत भाषणाला बोलावलेली पत्रकार. २०२१ मध्ये निकाल तिच्या बाजूने. २०२२ मध्ये सुधारणा: एक लाख डॉलर, पाच नोकर.

टेक्सासचं धागाकर्त्यांनी लिहिलंच आहे. नमुना लक्षात आला? फिर्यादी जिंकू लागला की राज्य त्या फिर्यादीला कायद्याच्या बाहेर काढतं आणि कायदा शाबूत ठेवतं. शिक्षिका, उपचारतज्ज्ञ बाई, एकटा वकील ही माणसं न्यायाधीशासमोर फार शोभून दिसतात. पन्नास नोकरांचा ठेकेदार कशाला भांडेल? तो सही करतो आणि डांबर टाकायला जातो.

एक लाख डॉलरचा आकडा आकाशातून पडलेला नाही एवढंच म्हणते.

मु_पो_सातारा (मंगळवार, सकाळी ६:१०)

आपल्याकडेही आहे की असा कायदा. महाराष्ट्रात बहिष्कार टाकला तर तीन वर्षं तुरुंग. मग अमेरिकेने केला तर एवढा गवगवा का?

कायदेकानू (मंगळवार, सकाळी ८:०५)

सातारकर, तो वेगळा. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तो जातपंचायतींसाठी. पोरीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून घराला वाळीत टाकणं, किराणा बंद, मयताला खांदा द्यायला कोणी नाही, हे थांबवण्यासाठी. तिथे गाव एका घरावर उलटतं. इथे एक घर म्हणतंय की मी अमुक माल घेणार नाही. शब्द एकच असला तरी दिशा उलटी आहे.

त्याच्याही आधी १९४९ चा मुंबई राज्याचा वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. म्हणजे बहिष्काराचा हक्क की बहिष्कारापासून संरक्षण, ही रस्सीखेच आपल्याला नवी नाही.

मु_पो_सातारा (मंगळवार, सकाळी ८:३०)

हां, मग बरोबर. घाईत लिहिलं. पण मग आपल्या लोकांना तर हा विषय जवळचाच वाटायला हवा. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार काय होता? १९०५ ला पुण्यात विलायती कापडाची होळी झाली तेव्हा सावरकरांना फर्ग्युसनने दहा रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढलं होतं. प्राचार्य रँग्लर परांजपे, म्हणजे माणूस आपलाच. 'संस्थेत राहायचं तर संस्थेची अट' हाच युक्तिवाद तेव्हाही असणार.

अश्दोदकर (मंगळवार, दुपारी १:१५)

मी सहसा वाचूनच गप्प बसतो. पण इथे या बाजूचं कोणीच दिसत नाही, म्हणून लिहितो. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आजोबा अलिबागजवळचे, तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद म्हणून शनवार तेली. आईवडील १९६० च्या दशकात इकडे इस्रायलला आले, आधी दिमोना, मग अश्दोद. घरात अजून मराठी चालते, पुरणपोळीही होते.

तुम्हाला बहिष्कार म्हटलं की टिळक आठवतात. आम्हाला अरब लीगची यादी आठवते. इस्रायलशी धंदा केला की ती कंपनी यादीवर, मग अख्खं आखात तिला बंद. म्हणून कित्येक कंपन्या आमच्याकडे फिरकतच नसत. मी लहान असताना इथे पेप्सी मिळत नव्हती! ती आली १९९० च्या दशकात. आज ऐकायला गमतीचं वाटेल, पण एका अख्ख्या देशाला वाळीत टाकलं होतं. सातारकरांनी चुकून लिहिलेलं मला चुकीचं वाटलं नाही.

२००५ पासून इस्रायलवरच्या बहिष्काराची जी चळवळ चालू आहे ती म्हणते, आम्ही सरकारी धोरणाविरुद्ध आहोत. असेल. पण सोडा बनवायचं यंत्र करणाऱ्या सोडास्ट्रीमचा कारखाना वेस्ट बँकेत मिशोर अदुमीमला होता. दबाव आला, कंपनीने २०१५ मध्ये कारखाना इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटी भागात हलवला. जुन्या ठिकाणी सुमारे ५०० पॅलेस्टिनी कामाला होते, त्यातल्या बहुतेकांची नोकरी गेली. नुकसान कुणाचं झालं सांगा. (पुढे ती कंपनी ३२० कोटी डॉलरला कोणी घेतली? पेप्सीने.)

टेक्सासचा पैसा टेक्सासच्या लोकांचा. तो कुणाला द्यायचा त्याची अट त्यांनी घातली तर चूक काय? काळ्या माणसाला नोकरी देणार नाही म्हणणाऱ्या ठेकेदाराला तुम्ही कंत्राट द्याल का?

घाटावरचा_टेक्सन (मंगळवार, दुपारी ४:५०)

अश्दोदकर, लिहिलंत ते फार बरं केलंत. पेप्सीचं माहीत नव्हतं.

पण माझी अडचण वेगळी आहे. बहिष्कार बरा की वाईट, यावर मी कदाचित तुमच्या बाजूलाच येईन. सोडास्ट्रीमचं उदाहरण माझ्या डोक्यात राहील. पण मला बहिष्कार चुकीचा वाटतो हे मी स्वतःहून म्हणणं आणि पोटासाठी लिहून देणं, यांत फरक आहे ना?

कायदेकानू (मंगळवार, सायंकाळी ६:२०)

अश्दोदकर, काळ्या माणसाला नोकरी नाकारणं, ज्यू गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलणं हे आजच बेकायदा आहे आणि ते तसंच राहायला हवं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. हे कायदे एका देशाबद्दल आणि त्या देशात व्यापार करणाऱ्या कोणत्याही कंपनीबद्दल आहेत, तिचा मालक मेथडिस्ट असो की मारवाडी.

अश्दोदकर (मंगळवार, सायंकाळी ६:४१)

कागदावर हा फरक राहतो, बाई. रस्त्यावर राहत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या हमासच्या हल्ल्यानंतर तर नाहीच.

जयंतकाका_भुलेश्वर (मंगळवार, रात्री ९:०५)

अश्दोदकर म्हणतात ती यादी मी कागदावर बघितली आहे. चाळीस वर्षं कापड निर्यात केली, कुवेत, दुबई, जेद्दा. त्या काळच्या एल.सी. (बँकेची लेटर ऑफ क्रेडिट, पैसे मिळण्याची हमी) काढल्यात तर हमखास एक कलम सापडे: माल इस्रायली बनावटीचा नाही, जहाज इस्रायली बंदराला लागणार नाही, असा दाखला जोडा. आमचा टायपिस्ट डोळे मिटून टाईप करायचा. इस्रायलशी आपले पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत नव्हतेच, त्यामुळे इथे कुणाला काही वावगं वाटत नसे.

मजा यायची ती गिऱ्हाईक अमेरिकन कंपनीचं दुबई ऑफिस असलं की. त्यांच्याकडे १९७७ पासून फेडरल कायदा. परदेशी सरकार दुसऱ्या देशावर बहिष्कार टाका म्हणालं तर अमेरिकन कंपनीने ऐकायचं नाही, उलट तशी मागणी आली हे सरकारला कळवायचं. मग त्यांचा माणूस फोन करून विनवायचा, जयंतभाई, 'इस्रायलचा नाही' असं लिहू नका, 'भारतात बनलेला' असं लिहा. अर्थ एकच, पण एका वाक्याला दंड आणि दुसऱ्याला नाही! अमिरातीने आपला बहिष्काराचा कायदा २०२० मध्ये रद्द केला, तोवर मी धंदा मुलाकडे दिला होता.

सांगायचं काय, की तो १९७७ चा कायदा मला पटायचा. परक्या राजाने तुमच्या दुकानदाराला धमकावलं तर दुकानदाराच्या पाठीशी उभं राहायचं. हे अकरावं पान त्याच्या नेमकं उलट दिसतंय, इथे आपलाच राजा विचारतोय.

प्राची_एडिसन (मंगळवार, रात्री ९:३०)

काका, प्रतिसाद भारी! एल.सी.वर वेगळा धागा काढा ना.

निफ्टी_निनाद (मंगळवार, रात्री ११:१२)

पेन्शन फंडवाल्या जातीचं कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो, कारण त्यात आपल्या घरातला साबण आहे.

बेन अँड जेरीज हे व्हरमाँटचं आइस्क्रीम. २००० मध्ये युनिलिव्हरने घेतलं, पण करारात ब्रँडच्या सामाजिक भूमिका ठरवायला स्वतंत्र संचालक मंडळ राखलं. जुलै २०२१ मध्ये बेन अँड जेरीजने जाहीर केलं की व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात आमचं आइस्क्रीम विकणार नाही. इस्रायलमध्ये विकायला नाही म्हटलं नव्हतं, फक्त वसाहतींत. पण वर धागाकर्त्यांनी व्याख्या दिली आहे, 'इस्रायलच्या ताब्यातला प्रदेश'. झालं. अ‍ॅरिझोनाने युनिलिव्हरमधले १४ कोटी ३० लाख डॉलर काढले. न्यू जर्सीने १८ कोटी २० लाख (प्राची, तू ऐकलंस ते हेच). न्यूयॉर्कच्या पेन्शन फंडाने ११ कोटी १० लाख. टेक्सास आणि फ्लोरिडाने यादीत टाकलं.

शिक्षा आइस्क्रीमला नाही, त्याच्या आईला, म्हणजे मालक कंपनीला. डव्ह, लिप्टन, सगळ्यांचा शेअर तेव्हा एकच होता. हिंदुस्तान युनिलिव्हरचे सुमारे ६२ टक्के शेअर याच युनिलिव्हरकडे, त्यामुळे तेव्हा आमच्या ग्रुपवर 'लाइफबॉयला काही होईल का' अशी चर्चा तीन दिवस चालली. काही झालं नाही अर्थात.

शेवट असा की जून २०२२ मध्ये युनिलिव्हरने इस्रायलमधला धंदा तिथल्याच उत्पादकाला विकून टाकला. तो आइस्क्रीम वसाहतींतही विकतो, नावही तेच. बेन अँड जेरीजच्या संचालक मंडळाने आपल्याच आईवर दावा लावला, मग तडजोड झाली. एअरबीएनबीचंही असंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेस्ट बँकेतल्या वसाहतींतली सुमारे २०० घरं यादीतून काढणार म्हणाले, फ्लोरिडाने बडगा उगारला, खटलेही झाले, एप्रिल २०१९ मध्ये घरं परत.

तेव्हा 'हे कायदे नुसते दिखाऊ आहेत' असं कोणी म्हणेल तर मी म्हणेन, छोट्यांच्या बाबतीत दिखाऊ, मोठ्यांच्या बाबतीत अगदी कामाचे.

तिरकस (मंगळवार, रात्री ११:२०)

म्हणजे आइस्क्रीमला परराष्ट्र धोरण आहे आणि आमच्या सोसायटीला पाणी नाही.

विदा_वेडी (बुधवार, सकाळी ७:४५)

धागाकर्त्यांच्या अकराव्या पानावरची दुसरी आणि तिसरी ओळ जास्त महागात पडली आहे, त्याबद्दल थोडं.

इस्रायलच्या कायद्याचा साचा चालला हे बघून टेक्सासने २०२१ मध्ये त्याच साच्यात दोन कायदे ओतले. सिनेट बिल १३: तेल-गॅस कंपन्यांवर 'बहिष्कार' टाकणाऱ्या वित्तसंस्था नकोत. सिनेट बिल १९: बंदूक उद्योगाशी भेदभाव करणाऱ्या नकोत. जेपी मॉर्गन, गोल्डमन, सिटी, बँक ऑफ अमेरिका अशा रोखे विकून देणाऱ्या बड्या बँका त्यामुळे टेक्सासच्या नगरपालिका आणि शाळांच्या कर्जरोख्यांच्या बाजारातून बाहेर पडल्या. बोली लावणारे कमी झाले की व्याज वाढणारच. गॅरेट आणि इव्हानोव या दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: पहिल्या आठ महिन्यांत ३२०० कोटी डॉलरच्या कर्जावर ३० कोटी ३० लाख ते ५३ कोटी २० लाख डॉलर जादा व्याज. हा अंदाज आहे, आणि काही बँका नंतर परतल्या. पण शाळेची इमारत महाग झाली ती झाली.

टेक्सन, तुमच्या १८ हजारांचं राउटरचं काम ज्या बाँडमधून निघालं असेल त्याचंही व्याज यात असू शकतं :-)

घाटावरचा_टेक्सन (बुधवार, सकाळी ८:१०)

माझ्याच मालमत्ता करातून म्हणा की. टेक्सासात घराचा कर किती आहे ते विचारू नका.

कायदेकानू, एक राहिलं. सुप्रीम कोर्ट काय म्हणतं?

कायदेकानू (बुधवार, रात्री १०:५५)

काही म्हणत नाही. तीच तर गोष्ट आहे. बैठक मारून वाचा.

बहिष्काराला घटनेचं संरक्षण आहे असं म्हणणाऱ्यांचा आधार म्हणजे १९८२ चा क्लेबोर्न हार्डवेअर खटला. मिसिसिपीत पोर्ट गिब्सन नावाचं गाव. १९६६ मध्ये तिथल्या काळ्या नागरिकांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला: शाळांतला भेद मिटवा, काळ्यांना पोलिसात घ्या, दुकानात गल्ल्यावर काळा कारकून बसवा, आम्हाला श्री-श्रीमती म्हणा. दुकानदारांनी नुकसानभरपाईचा दावा केला, खालच्या कोर्टात साडेबारा लाख डॉलर मिळालेही. सुप्रीम कोर्टाने एकमताने उलटवलं. शांततेचा बहिष्कार हा पहिल्या घटनादुरुस्तीच्या (म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या) छत्रीखाली येतो, म्हणाले.

राज्यांचा आधार २००६ चा रम्सफेल्ड खटला. लष्करात समलिंगींना वाव नाही म्हणून काही लॉ स्कूलनी भरतीवाल्या अधिकाऱ्यांना आवारात येऊ द्यायला नकार दिला होता. कोर्ट म्हणालं, दार बंद करणं हे बोलणं नव्हे. दार का बंद केलं हे तुम्ही समजावून सांगाल तेव्हा ते बोलणं होईल.

आता आर्कान्सा. २०१७ चा कायदा सगळ्यांत मासलेवाईक: एक हजार डॉलरपासून लागू, आणि सही करायची नसेल तर बिलात २० टक्के सूट द्या! लिटल रॉकच्या 'आर्कान्सा टाइम्स'ला सरकारी तंत्रमहाविद्यालयाच्या जाहिराती मिळत. त्यांनी इस्रायलवर कधी बहिष्कार टाकलाच नव्हता, संपादकीयही लिहिलेलं नव्हतं. प्रकाशक अ‍ॅलन लेव्हरिट यांचं म्हणणं एवढंच की वर्तमानपत्राने सरकारला राजकीय हमी लिहून का द्यावी. खाली हरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आठव्या सर्किटच्या (म्हणजे त्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाच्या) तिघा न्यायाधीशांपैकी दोघांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. जून २०२२ मध्ये त्याच कोर्टाच्या पूर्णपीठाने तो फिरवला: विकत न घेणं ही नुसती आर्थिक कृती, बघणाऱ्याला तिच्यातून काही कळत नाही, म्हणून ती अभिव्यक्ती नाही. इस्रायलवर टीका करा, या कायद्यावरही करा, त्याला मनाई नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच नकार दिला, कारण न देता. त्यामुळे त्या सर्किटच्या सात राज्यांत कायदा पक्का. बाकीकडे ठिगळं.

मला स्वतःला पूर्णपीठाचं म्हणणं पटत नाही, आणि त्याचं कारण धागाकर्त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. न घेण्यातून काही कळतच नसेल तर 'व्यापारी कारणाला सूट' हे कलम कशाला? कायदा स्वतःच कारण शोधत फिरतो आणि कोर्ट म्हणतं कारण दिसत नाही.

अवांतर: १९९६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने उलट केलं होतं. बर्माशी धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या टेंडरवर १० टक्के चढवायचे. २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने रद्द केलं: बर्माशी कसं वागायचं ते काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष ठरवतील, राज्यांनी परस्पर परराष्ट्र खातं उघडू नये. इस्रायलच्या बाबतीत हा मुद्दा कमी चालतो, कारण वॉशिंग्टनचा कल राज्यांच्याच बाजूला आहे. २०१९ मध्ये सिनेटने या राज्यांना पाठबळ देणारं विधेयक ७७ विरुद्ध २३ ने मंजूर केलं होतं, ते हाउसमध्ये अडकलं.

मु_पो_सातारा (गुरुवार, सकाळी ६:३०)

दक्षिण आफ्रिकेच्या वेळी मात्र अमेरिकन राज्यंच पेन्शनचे पैसे काढून घेत होती ना? आपण तर १९४६ मध्येच व्यापार बंद केला होता, स्वातंत्र्याच्याही आधी. तेव्हा बहिष्कार टाकणारा चांगला आणि आता वाईट?

अश्दोदकर (गुरुवार, सकाळी ११:००)

सातारकर, इस्रायल म्हणजे दक्षिण आफ्रिका नव्हे. यावर मी इथे वाद घालणार नाही, घातला तर तो संपणार नाही.

पण कायदेकानू बाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. वर्तमानपत्राकडून हमी घेणं मलाही रुचलं नाही. माझ्या मुलाला विचारलं, तो इथे वकिली शिकतोय. तो म्हणाला, बाबा, आपल्याकडेही २०११ पासून कायदा आहे, बहिष्काराचं जाहीर आवाहन केलं तर दिवाणी दावा लागतो, आणि त्यावर आपल्याच लोकांनी सर्वोच्च न्यायालयात भांडण केलं होतं. तेव्हा जास्त बोलत नाही. तरी सरकारी पैशाला अट असावी या मतावर मी आहे.

संपादक (गुरुवार, सकाळी ११:२०)

दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल यावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी जुना धागा आहे, तिथे हजार प्रतिसाद झालेत, एक हजार एकावा तिथेच टाका.

जयंतकाका_भुलेश्वर (गुरुवार, दुपारी १२:४०)

टेक्सन, शेवटी सहीचं काय केलंत? मूळ प्रश्न तोच होता.

घाटावरचा_टेक्सन (शुक्रवार, रात्री ८:१५)

काका, सांगतो.

सही केली नाही. अकराव्या पानावर कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'नोकर शून्य, रक्कम १८ हजार, कायद्याप्रमाणे लागू नाही', कलमाचा क्रमांक टाकला आणि बाकी तेरा पानं सह्या करून पाठवली. बायको म्हणाली, काम गेलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जायचं रद्द. मी म्हटलं, जाऊ दे. (मनात पोटात गोळा आला होता. २०१८ ला वाचलं असतं तर तेव्हा काय केलं असतं, सांगता येत नाही. तेव्हा घराचा पहिला हप्ता होता.)

आज सकाळी त्याच गोड आवाजाच्या बाईंचा फोन. "ते पान? हो, ते तुम्हाला लागत नाही, वकिलांनी आम्हाला कधीच कळवलंय. फक्त फॉर्म कुणी बदलला नाही." काम मिळालं. सोमवारपासून राउटर.

दुपारी शेजारच्या शाळा-जिल्ह्याचं टेंडर आलं. सोळा पानं. यांच्याकडे ते तेराव्या पानावर आहे.

तिरकस (शुक्रवार, रात्री ८:२२)

रेघेचा रबर स्टॅम्प करून घ्या.